'आत जाऊन बदलतो' म्हणणाऱ्याची गोष्ट आणि तिचा पळपुटा दुसरा भाग

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

आधीच सांगतो, आज नगरपरिषद नाही, पाणीपट्टी नाही, बायपासचे खड्डे नाहीत. आज कॉमिक्सवर लिहिणार आहे. "दादा, गावात एवढे प्रश्न पडलेत आणि तुम्ही चित्रांच्या पुस्तकावर लिहिताय?" अशी कमेंट टाइप करायला घेतली असेल तर दोन मिनिटं थांबा. शेवटपर्यंत वाचा, मग टाका. मी उत्तर देईन.

झालं असं की दिवाळीत भाचा बंगळूरहून आला. आयटीत आहे. येताना माझ्यासाठी एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. स्टार वॉर्सचं 'डार्क एम्पायर', तिन्ही भाग एकत्र बांधलेले. पहिला भाग माझ्याकडे होताच. पत्रकारितेचा डिप्लोमा करत असताना मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेला, कोपरे दुमडलेला, मागचं पान गायब. तो मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. दुसरा भाग मात्र कधी हाती लागला नव्हता. वीस वर्षं वाट पाहिली म्हणा ना. लक्ष्मीपूजन झालं आणि घेऊन बसलो. रात्री दीडला संपवला आणि इतका चिडलो की झोप लागेना. बायको म्हणाली, "अहो, कोण वारलं का?"

कोणी वारलं नव्हतं, तक्रार तीच होती. त्या पुस्तकात जो मेला पाहिजे तो मरतच नाही. आणि ज्याला चार माणसांसमोर उभं करून जाब विचारला पाहिजे, त्याला कोणी विचारतच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

माझ्या वयाच्या लोकांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असेल. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. आमच्याकडे ताजा अंक कुठला, रद्दीच्या दुकानातले जुने अंक. त्यात वेताळ होता, मँड्रेक होता, आणि अधूनमधून फ्लॅश गॉर्डन यायचा. रॉकेटमधून दुसऱ्या ग्रहावर जाणारा, तिथल्या जुलमी राजाशी लढणारा. हा फ्लॅश गॉर्डन म्हणजे १९३४ पासूनची अमेरिकन चित्रमालिका. जॉर्ज ल्यूकस नावाच्या तरुण दिग्दर्शकाला तिच्यावर सिनेमा काढायचा होता, हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने स्वतःचंच विश्व रचलं. ते स्टार वॉर्स, १९७७. म्हणजे आपल्या रद्दीच्या दुकानाचं आणि या दूरच्या आकाशगंगेचं नातं अगदीच लांबचं नाही.

या प्रकाराला इंग्रजीत स्पेस ऑपेरा म्हणतात. त्यात विज्ञान कमी आणि नाट्य जास्त. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी लिहिलं ती खरी विज्ञानकथा. तिथे एका कल्पनेचा धागा धरून तर्काने पुढे जायचं असतं. स्पेस ऑपेराचं तसं नाही. तिथे राजे, राजकन्या, तलवारी, सूड, बाप-लेक. एकूण महाभारत, फक्त रथांच्या जागी अंतराळयानं. यात कमीपणा मानायचं कारण नाही. महाभारताला कोणी कमी म्हणत नाही.

तर १९८३ च्या तिसऱ्या सिनेमात सम्राट पॅल्पटीन मरतो. कसा मरतो ते महत्त्वाचं. त्याचा उजवा हात, डार्थ व्हेडर, आयुष्यभर त्याची चाकरी केलेला. तो आपल्या पोराला, ल्यूकला, डोळ्यासमोर तडफडताना बघतो आणि मालकालाच उचलून खोल खाईत फेकतो. त्यात स्वतःचाही जीव जातो. एका नोकराने शेवटच्या क्षणी मान वर केली आणि साम्राज्य कोसळलं. तीन सिनेमांच्या गोष्टीची किंमत त्या एका मरणात होती.

पहिला भाग: का आवडला होता

१९९१ च्या डिसेंबरात 'डार्क हॉर्स' या अमेरिकन प्रकाशनाने 'डार्क एम्पायर' काढलं. सहा अंक. लेखक टॉम व्हीच, चित्रं स्कॉटलंडच्या कॅम केनेडीची. गोष्ट सिनेमानंतर सहा वर्षांनी सुरू होते. सम्राट परत आलाय. त्याने स्वतःच्या शरीराच्या प्रती तयार करून ठेवल्यात, एक देह गेला की आत्मा दुसऱ्यात. बिस नावाच्या ग्रहावर काचेच्या टाक्यांमध्ये ते देह ओळीने तरंगत ठेवलेत.

आता तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच भागात सम्राट परत आला की! मग दुसऱ्यावर एवढा राग का? रास्त प्रश्न आहे. पहिल्या भागातही ते मला खटकलंच होतं. पण तिथे त्या परत येण्याच्या बदल्यात लेखकाने एक खरा प्रश्न विचारला होता, म्हणून मी माफ केलं.

प्रश्न असा. ल्यूक सम्राटासमोर उभा आहे. मारावा तर हा दुसऱ्या देहात उठणार. पळावं तर बाहेरच्यांचे हाल. मग तो ठरवतो, आपण याच्यात सामील व्हायचं. आत शिरायचं, याची सगळी विद्या शिकायची आणि आतूनच याला संपवायचं. आणि तो गुडघे टेकतो. ज्या सिंहासनाजवळ बापाने आयुष्य घालवलं, त्याच सिंहासनाजवळ पोरगा उभा राहतो. सम्राटाच्या फौजांचा सेनापती होतो.

मी तेव्हा बावीस-तेवीसचा होतो. वाचताना अंगावर काटा आला होता. कारण हे वाक्य ओळखीचं होतं. 'बाहेर राहून काही होत नाही, आत जाऊन बदलतो.' आपल्याकडे हे कोणी ऐकलेलं नाही असा माणूस दाखवा. आंदोलनातला कार्यकर्ता म्हणतो, संपादक म्हणतो, अपक्ष निवडून आलेला नगरसेवक तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी म्हणतो.

व्हीचचं मोठेपण असं की त्याने ल्यूकला ना मूर्ख दाखवलं ना बेरकी. आत राहून तो खरंच थोडंफार काम करतो. मॉन कॅलमारी या पाण्याने भरलेल्या ग्रहावर साम्राज्याची राक्षसी यंत्रं चालून जातात. समोर येईल ते गिळायचं आणि त्यातून नवी शस्त्रं घडवायची, असली ती यंत्रं. त्यांच्या नियंत्रणाचे संकेत ल्यूक गुपचूप बाहेर पोहोचवतो आणि ग्रह वाचतो. म्हणजे आत जाण्याचा फायदा झाला. पण त्याच वेळी माणूसही गेला. सम्राटाला संपवायची वेळ येते तेव्हा ल्यूक एकटा पुरा पडत नाही. बहीण लेया जिवावर उदार होऊन तिथे जाते, त्याला ओढून बाहेर काढते, आणि दोघं मिळून त्या म्हाताऱ्याचं वादळ त्याच्यावरच उलटवतात.

म्हणजे गोष्ट काय सांगते? आत जाऊन बदलणारा एकटा बदलू शकत नाही. त्याला बाहेर कोणीतरी धरून ठेवणारं लागतं. यापेक्षा शहाणी राजकीय गोष्ट मी मराठीतल्या अनेक अग्रलेखांत वाचलेली नाही. त्यात माझेही अग्रलेख आले.

आणि केनेडीची चित्रं! अख्खं पान हिरवट, पुढचं जांभळं, त्याच्या पुढचं गंजासारखं तांबडं. चेहऱ्यावरही तोच रंग. पहिल्यांदा वाटतं की छपाई चुकली. मग कळतं की विषारी हवेचा रंग आहे हा, आत गेलेला प्रत्येक जण त्याच रंगाचा होतो.

दुसरा भाग: इथे घात झाला

दुसरा भाग १९९४ च्या डिसेंबरात सुरू झाला, तोही सहा अंकांचा. लेखक तोच, चित्रकार तोच. म्हणजे बाहेरच्या कोणी येऊन घाण केली असं म्हणायचीही सोय नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. ल्यूक परत आलाय. ज्या माणसाने शत्रूपुढे गुडघे टेकले, त्याच्या फौजेचं सेनापतीपद घेतलं, तो आता नव्या जेडाय योद्ध्यांची शाळा काढायला निघालाय. ऑसस नावाच्या जुन्या ग्रहावर जाऊन विद्यार्थी शोधतोय. पश्चात्तापाचे एक-दोन उल्लेख सोडले तर त्याला समोर बसवून कोणी विचारत नाही, की बाबा रे, तिथे तू नेमकं काय केलंस? कोणत्या आदेशावर सही केलीस? कोणता थांबवू शकत होतास आणि थांबवला नाहीस?

ना चौकशी, ना सभा, ना एखादी आई येऊन म्हणते की तू त्या फौजेचा सेनापती असताना माझा मुलगा गेला. सहा अंकांत एवढ्या लढाया, एवढी धावपळ. पण दोन पानं बसून बोलायला कोणाला वेळ नाही. कालपर्यंत तिकडे होता, आज इकडे आलाय, हार घाला, टाळ्या वाजवा, पुढचा विषय घ्या. वाचताना मला आपल्या सभागृहातला पक्षप्रवेशाचा कार्यक्रमच दिसायला लागला. फक्त उपरणं बदलायचं राहिलं होतं.

गंमत बघा, लेखकाच्या हातात पत्ता होता. या भागात ल्यूकबरोबर कॅम सोलुसार नावाचा माणूस आहे. हाही एके काळी साम्राज्याच्या चाकरीत गेलेला आणि परतलेला. आत जाऊन आलेली दोन माणसं एकाच यानात शेजारी शेजारी बसलीत! एवढं मांडून ठेवलंय, आता फक्त बोलायचं बाकी आहे. 'तुला रात्री झोप लागते का?' एवढं एक जरी एकाने दुसऱ्याला विचारलं असतं तरी मी हे पुस्तक डोक्यावर घेऊन नाचलो असतो. पण नाही. तलवारी बाहेर, चला पुढे.

दुसरी तक्रार. सम्राट पुन्हा परत येतो. आता तरुण देहात. हा सिनेमात एकदा मेला, पहिल्या भागाच्या शेवटी आणखी एकदा मेला, आणि आता तिसऱ्यांदा हजर. आपल्याकडे रक्तबीजाची गोष्ट आहे. थेंब सांडला की नवा राक्षस. पण त्या गोष्टीला एक नियम आहे, आणि त्या नियमातूनच उपाय निघतो. थेंब जमिनीवर पडूच द्यायचा नाही. देवी ते रक्त वरच्यावर पिते, विषय संपला. रक्तबीज पुढच्या अध्यायात नवी टाकी घेऊन उगवत नाही. कारण सांगणाऱ्याला राक्षस विकायचा नव्हता, उपाय सांगायचा होता.

इथे राक्षस विकायचा आहे. पॅल्पटीनचं नाव खपतं, म्हणून पॅल्पटीन. नवा खलनायक उभा करायला कष्ट पडतात, जुना काढून धुऊन पुसून ठेवायला काय लागतं? आणि प्रत्येक वेळी तो उठला की व्हेडरने दिलेला जीव थोडा थोडा फुकट जातो. बाप मेला कशासाठी? सहा-सात वर्षांच्या विश्रांतीसाठी?

हे नुसतं गोष्टीचं नुकसान नाही. वाचणाऱ्या पोराच्या मनात काय बसतं ते बघा. काहीही केलं तरी तोच येणार. लोकांनी लढून उलथवला तरी तोच येणार. मग लढायचं कशाला? आपल्या चौकात बसलेली पोरं हेच म्हणतात ना? 'कोणालाही मत द्या, शेवटी तेच.' अशा पोरांना आणखी एक 'शेवटी तेच' सांगणारी गोष्ट नको होती.

तिसरी तक्रार छोटी आहे पण सांगतो. शस्त्रांचा आकार. पहिल्या सिनेमात ग्रह फोडणारं केंद्र. तिसऱ्यात आणखी एक. पहिल्या 'डार्क एम्पायर'मध्ये ग्रह गिळणारी यंत्रं. आता दुसऱ्या भागात गॅलक्सी गन, घरबसल्या आकाशगंगेतल्या कुठल्याही कोपऱ्यावर मारा करणारी तोफ. विरोधकांचा अख्खा तळ, चंद्रासकट, एका गोळ्यात खलास. आणि वाचकाला काही वाटत नाही. मला वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. कारण तिथे राहणारा एकही माणूस लेखकाने नीट दाखवलेला नव्हता. आम्हा पेपरवाल्यांना हा आजार चांगला माहीत आहे. 'अपघातात बारा ठार' या बातमीने कोणी रडत नाही. बारापैकी एकाच्या डब्यात त्या दिवशी काय भाजी होती ते लिहा, मग बघा.

चांगलं आहे ते चांगलं म्हणू

एकतर्फी लिहिलं असं नको. ऑससवरचा भाग सुंदर आहे. हजारो वर्षं झाड होऊन उभा राहिलेला एक जुना गुरू, ऊड ब्नार, जागा होतो आणि सम्राटाच्या माणसाला, सेड्रिसला, स्वतःबरोबर संपवतो. ते पान मी दोनदा उघडून बघितलं. बाल्मोराचा गव्हर्नरही मस्त जमलाय. शस्त्रं बनवणारा ग्रह, साम्राज्यालाही माल विकणार आणि विरोधकांशीही संधान बांधून असणार. असे ठेकेदार आपण पाहिलेत, सत्ता कोणाचीही येवो, बोर्डावर नाव यांचंच. केनेडीचे रंग इथेही तसेच.

पण चांगली पानं चांगलं पुस्तक करत नाहीत. तसं असतं तर आपल्या गावातले चांगले नगरसेवक मिळून चांगली नगरपरिषद झाली असती.

'अहो, मुलांचं कॉमिक आहे ते'

भाचा हेच म्हणाला. "मामा, किती सीरियस होताय! एंटरटेनमेंट आहे." इथेच माझं भांडण आहे.

मुलांचं आहे म्हणून हिशोब नको? आपण लहानपणी चांदोबा वाचायचो. त्यात विक्रम आणि वेताळ. इंद्रजालमधला बुरखेवाला वेताळ वेगळा, हा झाडावर लटकणारा. तोही दर महिन्याला परत झाडावर जायचा, दर महिन्याला तेच. मग त्याचा कंटाळा का नाही आला? कारण तो प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारायचा. गोष्ट सांगून झाली की राजाला म्हणायचा, आता सांग, यात दोष कोणाचा? आणि उत्तर माहीत असून गप्प बसलास तर तुझ्या डोक्याची शकलं होतील.

ही मुलांची गोष्ट होती बरं का. आठ वर्षांच्या पोराला ती सांगत होती, की माहीत असून गप्प बसणं हा गुन्हा आहे आणि राजालासुद्धा त्यातून सूट नाही. वेताळ राजाच्या पाठीवर बसून राजाकडे हिशोब मागतो. 'डार्क एम्पायर'च्या दुसऱ्या भागात सगळं आहे, वेताळ नाही.

आता माझा हिशोब

एवढं दुसऱ्याला बोललो, आता स्वतःबद्दल सांगितलं नाही तर मीही पळपुटाच.

जुने लोक ओळखतात, नव्या फॉलोअर्सना माहीत नसेल. काही वर्षांपूर्वी मी पेपर सोडून सव्वा वर्ष एका नेत्याच्या कार्यालयात होतो. प्रसिद्धीचं काम बघायचो. नाव सांगत नाही, कारण विषय ते नाहीत, विषय मी आहे. जाताना मित्रांना काय सांगितलं असेल ओळखा. 'बाहेरून लिहून काही होत नाही रे, आत जाऊन चार कामं करून घेतो.' अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. पगारही बरा होता, तेही प्रामाणिकपणे सांगतो.

चार नाही, पण दोन कामं झाली. एका आश्रमशाळेच्या छताचा निधी अडकला होता, मागे लागून सुटला. एका विधवा बाईंची फाइल हलवली. ते समाधान आजही आहे. पण त्याच सव्वा वर्षात मी एक प्रेसनोट लिहिली. वरच्या आळीत पाणीयोजना पूर्ण झाली, घरोघरी नळाला पाणी आलं, नागरिकांत समाधानाचं वातावरण. पाइप टाकला होता हे खरं. पाणी आलं नव्हतं. मला माहीत होतं. 'पंधरा दिवसांत येणारच आहे, आत्ता लिहायला काय हरकत' असं मला सांगितलं गेलं, आणि मी लिहिलं. माझ्याच जुन्या सहकाऱ्यांनी ती जशीच्या तशी छापली, कारण माझ्यावर विश्वास होता.

पाणी यायला पुढे दोन उन्हाळे गेले.

मी परत पत्रकारितेत आलो तेव्हा काय झालं? काहीच नाही. चहा पाजला, पाठीवर थाप मारली, "बरं झालं आलास". पत्रकार संघाच्या बैठकीत शेजारची खुर्ची दिली. कोणी एक शब्द विचारला नाही. मला तेव्हा फार बरं वाटलं. सुटलो असं वाटलं.

विचारलं एका काकूंनी. वरच्या आळीतल्याच. बातमीसाठी गेलो होतो, त्या अंगणात बसून धान्य निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तूच लिहिलं होतंस ना, नळाला पाणी आलं म्हणून? मी ते कात्रण शेजारणीकडून वाचून घेतलं होतं. म्हटलं, आपल्याच नळाला का येत नाही, आपलंच काही चुकलं की काय."

आवाज चढला नाही, शिवी नाही. 'आपलंच काही चुकलं की काय.' मित्रहो, माझ्या एका खोट्या प्रेसनोटने एका म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या नळावर आणि स्वतःवर शंका घ्यायला लावली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी काय मागतोस, पेपरात लिही की." त्या महिन्यात मी लिहिलं, माझ्या नावानिशी. तेव्हापासून माझी बातमी बरी होत असेल तर ती त्या काकूंमुळे, डिप्लोमामुळे नव्हे.

आता कळलं का, मी त्या दुसऱ्या भागावर एवढा का चिडलो? ल्यूकला अशा काकू भेटायला हव्या होत्या. अख्ख्या आकाशगंगेत अंगणात बसून धान्य निवडणारी एक बाई लेखकाला सापडली नाही. तिच्याशिवाय ल्यूकचं परत येणं म्हणजे नुसता कपडेबदल.

पुढे काय झालं तेही ऐका

या गोष्टीचा तिसरा भाग १९९५ मध्ये आला. अवघे दोन अंक, चित्रकारही बदललेला, जिम बेकी. त्यात एकदाचा सम्राट संपवला, घाईघाईत, लग्नात शेवटची पंगत उरकतात तसा.

मग २०१२ मध्ये डिस्नेने ल्यूकसची कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरला विकत घेतली. आणि एप्रिल २०१४ मध्ये एका घोषणेने जाहीर झालं, की सिनेमे आणि काही मालिका सोडून आजवरच्या सगळ्या कादंबऱ्या, सगळी कॉमिक्स यापुढे अधिकृत इतिहासात धरली जाणार नाहीत. त्यांचं नाव 'लेजंड्स', म्हणजे दंतकथा. वीस-पंचवीस वर्षं लोकांनी लिहिलं, वाचलं, जपलं, ते एका पत्रकाने 'घडलंच नाही' झालं. ल्यूकने गुडघे टेकले? नाही हो, तसं काही झालंच नव्हतं.

आणि मग २०१९ च्या डिसेंबरात नवा सिनेमा आला. त्यात कोण परत यावं? तोच! पॅल्पटीन! कसा आला, याचं समाधानकारक उत्तरही द्यायची गरज वाटली नाही. म्हणजे गुडघे टेकल्याची गोष्ट पुसली, बहिणीने ओढून काढल्याची गोष्ट पुसली, आणि उचललं काय तर मेलेल्या सम्राटाचं परत येणं. सगळ्यात वाईट तेवढं ठेवलं, सगळ्यात चांगलं तेवढं फेकलं.

म्हणून म्हणतो, हिशोब त्या त्या वेळीच मागायचा असतो. नंतर मालक बदलतो, कागद बदलतात, आणि कोणीतरी येऊन सांगतो की असं काही झालंच नव्हतं. मग कात्रण जपून ठेवलेल्या काकूंशिवाय तुमच्याकडे पुरावा उरत नाही.

तर, कमेंट टाइप करणाऱ्या मित्रा

गावातले प्रश्न सोडून कॉमिक्सवर का लिहिलं, याचं उत्तर मिळालं का? निवडणुका येतील, जातील. तिकडचे इकडे येतील, इकडचे तिकडे. प्रत्येक जण सांगेल, विकासासाठी गेलो होतो, आत राहून कामं केली. काही जणांनी खरंच केली असतील, मी नाकारत नाही. मीही दोन केली होती. येऊ द्या त्यांना. दार लावा असं माझं म्हणणं नाही, दार लावलं असतं तर मीही आज इथे लिहीत नसतो.

पण हार घालण्याआधी खुर्ची द्या, पाणी द्या, समोर बसवा आणि विचारा. तिथे काय केलंत? कशावर सही केलीत? माहीत असून कुठे गप्प बसलात? उत्तर मिळालं तर हार घालाच. नाही मिळालं तर हार परत दुकानदाराला द्या, अर्धे पैसे तरी मिळतील.

पुस्तकाचं म्हणाल तर पहिला भाग जरूर वाचा. मिळत नसेल तर माझा घेऊन जा, मागचं पान नाहीये तेवढं सांभाळून घ्या. दुसरा भाग हवा असेल तर तोही देतो. पण वाचून झाल्यावर मला येऊन सांगायचं, ल्यूकला तुम्ही कोणता प्रश्न विचारला असता. त्याशिवाय पुस्तक परत घेणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण नाव लावून भांडा. आणि वरच्या आळीत यंदा पाण्याची काय स्थिती आहे, तेही कमेंटमध्ये लिहा. येत असेल तर तसं, नसेल तर तसं. उद्या सकाळी मी तिकडेच निघालोय.